कर्नेलच्या नोंदी व त्यांची वाचनीयता

संगणक अकस्मात बंद पडतो तेव्हा तो का बंद पडला हे सांगणारा पुष्कळदा एकच साक्षीदार मागे उरतो. तो म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याने, अर्थात कर्नेलने, अखेरच्या क्षणापर्यंत लिहिलेल्या नोंदी. या नोंदी विपुल असणे निराळे आणि वाचनीय असणे निराळे. वाचनीयता ही लेखनशैलीची बाब आहे अशी सर्वसाधारण समजूत दिसते. परंतु ती मुख्यतः रचनेची बाब आहे, हे लिनक्स या कर्नेलच्या इतिहासावरून चांगले स्पष्ट होते.

लिनक्समध्ये नोंद लिहिण्याचे काम ‘प्रिंटके’ नावाचे फलन करते. ते १९९१ सालच्या अगदी प्रारंभीच्या आवृत्तीपासून आहे. प्रत्येक नोंदीस ० ते ७ यांपैकी एक श्रेणी देता येते. ० म्हणजे यंत्र निरुपयोगी झाल्याची सूचना, ७ म्हणजे केवळ दोषशोधकाच्या कामाची माहिती. नोंदी साठविल्या जातात त्या स्मृतीतील एका चक्राकार साठ्यात. साठा भरला की सर्वांत जुन्या नोंदीच्या जागी नवी येते. हा साठा अनेक ठिकाणी १२८ किलोबाइट इतकाच असतो. म्हणजे निरर्थक नोंद ही नुसती निरुपद्रवी गर्दी नव्हे. ती एखादी उपयुक्त नोंद पुसून आपली जागा मिळविते.

प्रारंभीच्या काळी एक सोयीची लकब रूढ होती. ‘अमुक आज्ञेची तपासणी’ एवढे लिहून ओळ अपुरी ठेवावयाची, तपासणी करावयाची, आणि मग त्याच ओळीत ‘ठीक’ हा शब्द जोडावयाचा. पडद्यावर ते मोठे शोभिवंत दिसे. एकच प्रक्रियक असेपर्यंत ते बहुधा निभावूनही जाई. परंतु १९९६ साली आलेल्या २.० या आवृत्तीपासून लिनक्स अनेक प्रक्रियकांवर एकाच वेळी चालू लागले आणि या लकबीतील धोका उघड झाला. एका प्रक्रियकाने तपासणीचा अर्धा मजकूर लिहिला आहे. इतक्यात दुसऱ्याने ‘डिस्कचा भाग वाचता आला नाही’ असे लिहिले. त्यापाठोपाठ पहिल्याचा ‘ठीक’ येऊन पोचला. आता ‘डिस्कचा भाग वाचता आला नाही ठीक’ या ओळीतून वाचणाऱ्याने काय समजावे? दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, तरी त्यांचा संयोग खोटा आहे. अशी नोंद मुळीच नसती तर बरे, असे म्हणण्याची पाळी येते.

यावर एक उपाय सहज सुचतो. लिहिणाऱ्याने कुलूप लावावे, पूर्ण मजकूर लिहावा व मग इतरांस वाट द्यावी. अडचण अशी की प्रिंटके कोठूनही हाकारले जाऊ शकते. कुलूप एका प्रक्रियकाच्या हाती असतानाच, ज्यास रोखता येत नाही असा इंटरप्ट त्याच प्रक्रियकावर येतो, आणि त्या इंटरप्टचा कार्यक्रमही काही नोंदवू पाहतो. तो कुलूप उघडण्याची वाट पाहत बसला तर कुलूप उघडणारा पुन्हा कधीच चालत नाही! दोष नोंदविण्याचे साधनच यंत्र गोठवू लागले, तर त्याचा उपयोग काय?

सुधारणा टप्प्याटप्प्याने झाली. २०१२ साली ३.५ या आवृत्तीत के सीव्हर्स यांच्या कामामुळे साठ्याचे स्वरूप पालटले. तोवर तो अक्षरांचा अखंड प्रवाह होता. आता त्यात क्रमांक, वेळ व श्रेणी असलेल्या स्वतंत्र नोंदी आल्या. २०१६ अखेरच्या ४.९ आवृत्तीत लिनस टोरवाल्ड्स यांनी अपुऱ्या ओळीस आपोआप पुढचा मजकूर जोडण्याची प्रथा मोडली. ‘हा मजकूर मागील ओळीचा शेष आहे’ असे लेखकाने स्पष्ट सांगितले तरच तो जोडला जातो. २०१९ च्या ५.१ आवृत्तीपासून प्रत्येक ओळीच्या आरंभी ती कोणत्या कार्याने वा प्रक्रियकाने लिहिली ते दर्शविण्याची ऐच्छिक सोय झाली; गुंतलेल्या ओळी त्यामुळे निदान विलग करता येतात. आणि २०२० च्या डिसेंबरात ५.१० आवृत्तीत जॉन ऑगनेस यांचा कुलूपरहित साठा आला.

या सर्वांतून निघणारा नियम साधा आहे: जे सांगावयाचे ते एका ओळीत, एका दमात, स्वयंपूर्ण रीतीने सांगावे. ओळीवर वेळेची मोहर आपोआप पडते; पण ‘वाचन असफल’ एवढीच नोंद असेल तर कोणत्या उपकरणाचे, हे वेळेवरून कसे कळणार? म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी उपकरणाचे नाव आपोआप जोडणारी निराळी फलने आहेत. कर्नेलच्या लेखनसंकेतात ओळीची लांबी मर्यादित ठेवण्याचा आग्रह आहे; तरीही नोंदीचे वाक्य मात्र तोडू नये, असा अपवाद तेथेच नमूद आहे. कारण व्यवहारी आहे. नोंद वाचणारा ते वाक्य जसेच्या तसे घेऊन मूळ कार्यक्रमात शोधतो. दोन तुकडे केलेले वाक्य त्यास सापडत नाही. विनोदही येथे वर्ज्य नाही. मुद्रकाने दोष दर्शविला, परंतु कागद संपला नाही आणि तो बंदही नाही, अशा वेळी मुद्रक ‘पेटला आहे’ असे कळविणारी एक जुनी नोंद प्रसिद्ध आहे. ती स्वयंपूर्ण आहे, उपकरणाचे नावही सांगते. खरी मात्र क्वचितच असावी.

संक्षेपाची गरज आणखी एका कारणाने आहे. अनुक्रमी तारेवरून नोंदी दुसऱ्या यंत्राकडे पाठविताना वेग सेकंदास १,१५,२०० बिट इतका असला, तर सुमारे ११,५२० अक्षरे जातात. ८० अक्षरांच्या एका ओळीस ७ मिलिसेकंद लागतात. प्रक्रियकाच्या मानाने हा काळ प्रदीर्घ आहे. एकच तक्रार सेकंदास सहस्र वेळा करणारा ड्रायव्हर यंत्रास खिळवून ठेवू शकतो. यास्तव मर्यादित फलने आहेत. त्यांच्या सामान्य मापानुसार ५ सेकंदांत १० नोंदी लिहिल्या जातात, आणि किती गाळल्या याची संख्या पुढे एका ओळीत कळविली जाते. गाळल्याचे सांगणे महत्त्वाचे, अन्यथा मौनाचा अर्थ दोष थांबला असा होईल.

ठरावीक वेळेत उत्तर देणे बंधनकारक असलेल्या यंत्रांत हा विलंब मुळीच चालत नाही. त्यांच्यासाठीची ‘प्रीएम्प्ट आरटी’ ही व्यवस्था अनेक वर्षे मूळ कर्नेलबाहेर राहिली होती. तिच्या वाटेतील शेवटचा मोठा अडसर प्रिंटके हाच होता. तो दूर झाल्यावर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत ती कर्नेलमध्ये समाविष्ट झाली.