सहलीची गाडी कुणाच्या सोयीने निवडावी?

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. कुठे जायचे हे ठरते न ठरते तोच दुसरा प्रश्न येतो, गाडी कोणती घ्यायची? अलीकडे त्यात कॅम्पर व्हॅनची भर पडली आहे. आत पलंग, ओटा, शौचालय, पाण्याची टाकी, म्हणजे चाकांवरचे घरच. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाड्या आता ड्रायव्हरसह भाड्यानेही मिळतात.

आम्हालाही तिचा मोह पडला. आम्ही दोघे, तीन मुले आणि अम्मी असे सहा जण. पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगावमार्गे मुरूडला जायचे, जंजिरा पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचे. अम्मींना वाटेत शौचालयाची अडचण नको, एवढ्याचसाठी आम्ही जास्त भाडे मोजून कॅम्पर घेतली होती.

मुरूडला पोहोचल्यावर रात्री अम्मींना चक्कर आली. तिथल्या डॉक्टरांनी तपासून विचारले, "आजी, सकाळपासून पाणी किती प्यालात?" अम्मी काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "दोन-तीन घोट." गाडीतले शौचालय म्हणजे एक पातळ दार, आणि त्याच्यापासून चार हातांवर ड्रायव्हर बसलेला. परक्या माणसाच्या इतक्या जवळ जायला त्यांना लाज वाटली, आणि आमच्या आनंदात विघ्न नको म्हणून त्यांनी तसे सांगितलेही नाही. फज्रनंतर त्यांनी पाणीच सोडले होते.

पुढच्या सुट्टीत सहलीचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते." हे वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या घरात ऐकू येत असेल. आपण ते ऐकतो, थोडा आग्रह करतो आणि निघून जातो. आम्ही मात्र त्या वेळी गाडीचा विचार पहिल्यापासून पुन्हा केला. त्यातून जे शिकलो ते इथे मांडत आहोत.

झोपण्याच्या जागा नव्हे, बसण्याच्या जागा मोजा

आमच्या गाडीत "सहा जण झोपू शकतात" असे सांगितले होते. ते खरे होते. पण ड्रायव्हर सोडून सीट बेल्ट चारच होते. दोन मुले पलंगावर बसून घाट उतरली. ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. चालत्या गाडीत पलंगावर कुणीही बसू किंवा झोपू नये. जोराचा ब्रेक लागला तर माणूस थेट पुढे फेकला जातो. म्हणून घरात जितकी माणसे, तितक्या पट्ट्यांच्या जागा आहेत का, हे सर्वात आधी विचारावे.

मग वजन पाहावे. आरसीवर गाडीचे रिकामे वजन आणि भरल्यावरचे कमाल वजन दोन्ही लिहिलेले असते. त्यांतला फरक एवढाच भार गाडी वाहू शकते. सहा माणसांचे सरासरी 60 किलोप्रमाणे 360 किलो, 100 लिटर पाण्याचे 100 किलो, प्रत्येकी 15 किलो सामानाचे 90 किलो, गॅस, भांडी व इतर वस्तूंचे 50 किलो. झाले 600 किलो. घाटात ब्रेकवर हा सगळा भार येतो.

मोटारीमागे जोडून ओढायचा ट्रेलर परदेशातल्या व्हिडिओंत छान दिसतो. पण तो ओढण्याची मोटारीची क्षमता लागते, आणि रिव्हर्स घेताना ट्रेलरचे मागचे टोक स्टिअरिंगच्या उलट दिशेला वळते. ताम्हिणीसारख्या वळणांवर आणि कोकणातल्या अरुंद रस्त्यांवर नवख्या माणसाने तो प्रयोग करू नये.

पाणी आणि तहारत

कॅम्परच्या शौचालयाखाली सहसा एक काढता येणारी टाकी असते. समजा ती 18 लिटरची आहे. कागद वापरणाऱ्यांना ती पुरते. आपण इस्तिंजासाठी पाणी वापरतो. फ्लश धरून एका वेळी 2 लिटर धरले तरी नऊ वेळांत टाकी भरली. आमची टाकी पहिल्याच दिवशी दुपारी भरली. ती कुठे रिकामी करायची हा प्रश्न गाडी घेताना आमच्या मनातही आला नव्हता. रस्त्यावर आणि लोकांच्या सावलीच्या जागी घाण करण्यास हदीसमध्ये सक्त मनाई आहे. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी टाकी रिकामी करण्याची सोय आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारावे.

वुजूचाही हिशेब करावा. नळ सोडून वुजू केला तर चार-पाच लिटर पाणी सहज जाते. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एक मुद्द, म्हणजे लिटरहूनही कमी पाण्यात वुजू करीत. सहा जणांचे पाच वेळचे वुजू प्रत्येकी एक लिटरने केले तरी दिवसाला 30 लिटर होतात. मुलांना लोट्याने वुजू करायला शिकवण्याची ही चांगली संधी आहे.

नमाजचे थांबे आधी ठरवा

हनफी उलेमा साधारण 77-78 किलोमीटरच्या पुढच्या सफरीला कस्रची सफर मानतात. शाफई मसलकातही अंतर जवळपास तेवढेच धरतात. पण शाफईंमध्ये मुसाफिराला जुहर व असर, तसेच मगरिब व इशा एकत्र पढण्याची सवलत आहे. हनफींमध्ये प्रत्येक नमाज तिच्या वेळेत पढायची असते. आमच्या घरात सोलापूरकडचे हनफी आणि रत्नागिरीकडचे शाफई असे दोघेही आहेत. त्यामुळे आम्ही थांबे हनफींच्या वेळांप्रमाणे ठरवतो, म्हणजे कुणाचीच अडचण होत नाही. बारीक मसाइल आपापल्या आलिमांना विचारून घ्यावेत. चालत्या कॅम्परमध्ये उभे राहून नमाज पढण्याचा प्रयत्न मात्र करू नये. किब्लाही बदलत राहतो आणि पडण्याचीही भीती असते.

विकत की भाड्याने?

"एवढे भाडे देण्यापेक्षा घेऊनच टाकू" असे आमच्याकडेही कुणीतरी म्हणाले. आम्ही कागदावर लिहून पाहिले. वर्षातून सहलीचे दिवस होतात दहा-बारा. उरलेले साडेतीनशे दिवस गाडी उभी. तिला जागा हवी, विमा हवा, बॅटरी आणि टायर सांभाळायला हवेत. आणि हे सगळे बहुधा व्याजाच्या कर्जावर. दहा दिवसांच्या हौसेसाठी व्याजात पडणे आम्हाला पटले नाही. भाड्याने घेणे हाच आमच्यासारख्या घरांसाठी सरळ मार्ग आहे.

भाड्याची गाडी पिवळ्या नंबर प्लेटची असावी. कुणाच्या ओळखीची पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण अपघात झाला तर विम्याची अडचण येते. भाडे बहुधा किलोमीटरवर असते आणि दिवसाचे किमान किलोमीटर ठरलेले असतात. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग, दुसऱ्या राज्याचे परमिट यांतले काय भाड्यात धरले आहे, हे लिहून घ्यावे.

आम्ही शेवटी काय केले

दुसऱ्या वेळी आम्ही अम्मींनाच विचारले, "गाडीत तुम्हाला काय काय हवे?" त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. चढायला पायरी फार उंच नको. पाय लांब करता आले पाहिजेत. आणि दर दोन तासांनी गाडी थांबली पाहिजे, तीही त्यांनी न सांगता.

आम्ही फुफीच्या घरच्यांना सोबत घेतले आणि बारा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. ही गाडी बनवणारी कंपनी आपल्या पुण्यातलीच. 1987 पासून रस्त्यावर आहे, त्यामुळे बिघाड झाला तरी मेकॅनिक सापडतो. तिच्यात ना पलंग ना शौचालय. तिचीही पायरी उंचच होती, म्हणून एक लाकडी पाट बरोबर ठेवला. शेवटची सीट सामानासाठी मोकळी सोडली. अम्मींना खाली बसता येत नाही, म्हणून घडीची कमोड खुर्ची घेतली. थांबे नकाशावर आधीच खुणा करून ठेवले. दर दोन तासांनी गाडी थांबली की सगळ्या बायका एकदम उतरायच्या, म्हणजे कुणा एकीसाठी गाडी थांबवली असे व्हायचे नाही.

ड्रायव्हरभाईंचाही विचार केला. जेवण आमच्यासोबत, झोपायला नीट खोली आणि रात्री दहानंतर गाडी बंद. आपल्या मुलाबाळांचे जीव ज्याच्या हाती दिले, त्याला सीटवर झोपायला लावणे बरे नाही.

पुण्याहून सोलापूरमार्गे विजापूर गाठले. मुहम्मद आदिलशाहचा गोल घुमट 1656 साली पूर्ण झाला. मुले जिने चढून आवाज घुमणाऱ्या सज्जात गेली. अम्मी खाली बागेत सावलीला बसल्या होत्या. मुले धापा टाकत खाली आली तेव्हा त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती अर्धी संपलेली होती.

वाचकहो, प्रत्येक घराची गाडी वेगळी असेल. चार जणांच्या घराला साधी मोटार पुरेल, तर कुणाला कॅम्परच योग्य वाटेल. फक्त गाडीचा आगाऊ पैसा देण्यापूर्वी घरातल्या त्या माणसाजवळ जरा बसा, जे म्हणते, "तुम्ही जाऊन या." त्याला काय अडते ते शांतपणे विचारा आणि मग गाडी ठरवा. निघताना सफरीची दुआ सगळ्यांनी मिळून पढा. अल्लाह आपणा सर्वांचा प्रवास सुखरूप करो. आमीन.