प्रकाशाने सापडणारा क्षयजंतू

बेंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेची स्थापना 1959 साली झाली. तिच्या आरंभीच्या कार्यात एका साध्या प्रश्नाचा शोध होता: खेड्यातील माणसाला खोकला जडला, म्हणजे तो काय करतो? तुमकूर जिल्ह्यात बॅनर्जी आणि अँडरसन यांनी केलेली ही पाहणी 1963 साली प्रसिद्ध झाली. सुमारे निम्मे रोगी आपण होऊन उपचार मागण्यास गेले होते, आणि बहुधा खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. रोगी दारी आला होता. त्याचा बेडका मात्र कोणी तपासला नव्हता.

आता, बेडका तपासणे हे बोलण्याइतके सोपे नाही. रूढ पद्धतीत जंतू तांबडे रंगवून, हजारपट मोठे करून, काचपट्टीचा कण न् कण धुंडाळावा लागतो. दिवसभरात डोळे शिणतात, आणि शिणलेल्या डोळ्यांना जंतू चुकवितो.

येथे प्रकाश साह्यास येतो. काही द्रव्ये आखूड लहरींचा प्रकाश शोषून अधिक लांब लहरींचा प्रकाश बाहेर टाकतात. यास प्रतिदीप्ती म्हणतात. ऑरामीन हे असेच एक पिवळे रंगद्रव्य. क्षयजंतूच्या मेणचट कवचात ते असे मुरते की, आम्लाने धुतले तरी सुटत नाही. इतर पदार्थांवरून मात्र निघून जाते. मग निळा प्रकाश टाकताच काळ्या पार्श्वभूमीवर पिवळसर हिरव्या काड्या उजळतात. दोन-चारशे पट वर्धन पुरते, म्हणून एका दृष्टीत कितीतरी अधिक भाग येतो आणि वेळ वाचतो.

मग हे सर्वत्र का झाले नाही? कारण दिवा! पाऱ्याच्या वाफेचा दिवा महाग, काही शे तासांत निकामी होणारा, शिवाय खोली अंधारी हवी. एलईडी दिवा हजारो तास टिकतो आणि बॅटरीवरही चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली त्याची शिफारस केली.

तरीही या चमकीवर आंधळा विश्वास टाकू नये. मेलेला जंतूही चमकतो. क्षयजंतूचे निरुपद्रवी भाऊबंदही चमकतात. आणि बेडक्यात जंतू विरळ असले, तर काचपट्टी काळीच राहते. औषधाला जंतू दाद देईल की नाही, हेही तीवरून कळत नाही.

त्यासाठी जंतूच्या जनुकद्रव्याचाच शोध घ्यावा लागतो. बेंगळूरच्याच बिगटेक प्रयोगशाळेत विकसित झालेली आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने बाजारात आणलेली ‘ट्रूनॅट’ चाचणी हेच करते. 2020 साली तिलाही जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. तीत जनुकद्रव्याच्या प्रती वाढू लागल्या की, त्यांच्याशी जोडलेले रंगद्रव्य उजळते, आणि ते पाहण्याचे काम डोळ्यांऐवजी यंत्र करते.