भाग १७ : गच्चीवरचं पर्माकल्चर आणि पोतंभर वाळकी पानं

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : पर्माकल्चर शिकायचंय, शेत नाही, पुण्यात फ्लॅट आहे, सुरुवात कुठून करू? मी काही तज्ज्ञ नाही. दिवसभर कोड लिहितो आणि दोन वर्षं सोसायटीच्या गच्चीवर धडपडतोय. त्यातून जे कळलं तेवढंच सांगतो.

आधी शब्द. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी 'पर्माकल्चर वन' हे पुस्तक काढलं. टिकाऊ शेती असा त्याचा मूळ अर्थ. कल्पना साधी आहे. जंगलाला कुणी खत घालत नाही, कुणी पाणी देत नाही, तरी ते वाढतं. ते का वाढतं हे नीट बघायचं आणि आपली जागा तशी रचायची.

मी काय केलं? पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले आणि लगेच एक्सेल उघडलं. कुठलं झाड कुठे, कुणाच्या शेजारी कोण, सगळं रंगीत चौकटींत. पुस्तकांत उतारावर चर खणून पाणी मुरवायचं असतं. माझ्याकडे दहा बाय बाराचा स्लॅब! खणणार काय?

तेवढ्यात आमच्या सेक्रेटरी काकांनी खरा प्रश्न विचारला. "अरे, वजन किती पडणार?" हा प्रश्न एकाही व्हिडिओत नव्हता. ओली माती घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते. म्हणजे वीस सेंटीमीटर थर दिला तर चौरस मीटरवर साडेतीनशे किलो. आणि माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी आपल्याकडच्या आयएस ८७५ मध्ये वरचा भार धरतात चौरस मीटरला दीडशे किलो. दुपटीहून जास्त झालं की! त्यामुळे गच्चीवर माती जवळजवळ नकोच. वाळकी पानं, रसवंतीवाल्याकडचं उसाचं चिपाड आणि घरच्या ओल्या कचऱ्याचं खत, हे मिश्रण मातीच्या साधारण निम्म्या वजनाचं होतं. तरीही सगळी गच्ची भरायची नाही. ड्रम कडेने, बीमच्या रेषेवर ठेवायचे. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. मी बीटेक असलो तरी कॉम्प्युटरचा, माझ्यावर विसंबू नका.

आता फजितीचा भाग. पहिल्या जुलैत माझा खताचा ड्रम असा काही वासला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी थेट कमिटीत तक्रार केली. चूक त्यांची नव्हतीच. मला एक महिन्याची मुदत मिळाली : वास गेला नाही तर ड्रमसकट सगळं खाली.

वास का येतो हे तेव्हा कळलं. खत करणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण तिसास एक या प्रमाणात लागतो. भाजीची देठं, फळांची सालं यांत नायट्रोजन आणि पाणी जास्त. वाळक्या पानांत कार्बन जास्त. नुसता ओला कचरा टाकला की तो दबतो, आत हवा जात नाही आणि तो कुजायच्या ऐवजी सडतो. उपाय काय, तर एक डबा ओल्याला दोन-तीन डबे वाळकी पानं, आणि आठवड्यातून एकदा खालीवर.

पण भर पावसाळ्यात पुण्यात वाळकी पानं आणणार कुठून? पानगळ होते फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा रस्तोरस्ती ढीग असतात आणि सकाळी सकाळी त्यांना काडी लावलेली असते. कोथरूडच्या एका ओळखीच्या आजोबांकडे चार पोती साठवलेली होती. त्यांनी दिली, वर म्हणाले, "रिकामी पोती परत आण हो." आज्जी उन्हाळ्यात पापड-कुरडयांची बेगमी करते ना, तशी ही पानांची बेगमी! ड्रम दहा-बारा दिवसांत ताळ्यावर आला.

नंतर कळलं, की पुण्यात यासाठी चांगली सोय आहे. अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये 'ब्राऊन लीफ' सुरू केलं. ज्यांच्या आवारात पानं पडतात ते आणि ज्यांना बागेसाठी पानं हवीत ते, यांची गाठ घालून द्यायची, म्हणजे पानं जाळायची वेळच येत नाही. माझ्या मते पुण्यात पर्माकल्चर शिकायची सुरुवात इथून करावी, महागड्या कोर्सपासून नाही. पोती उचलायला गेलात की दुसऱ्याची बाग बघायला मिळते. आणि आपल्यासारखाच सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत उरकणारा, त्यात काय जगतं ते दिसतं. ऑस्ट्रेलियातलं पुस्तक हे सांगू शकत नाही.

पुस्तकच हवं असेल तर श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' शोधा. हे नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू, गणिताचे शिक्षक. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त शेतकरी स्वतः प्रयोग करायचे आणि निष्कर्ष एकमेकांना कळवायचे. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांचं काम त्यातलंच. पानांवर किती ऊन पडतं याचा ते अक्षरशः हिशेब मांडायचे. मला ते वाचून लाज वाटली. वर्षभर गच्चीवर होतो, पण पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात कुठपर्यंत येते हे मी बघितलंच नव्हतं. दोनदा टोमॅटो का गेले, ते तिथे कळलं. आता तिथे अळू आणि पुदिना आहे.

यंदा फेब्रुवारीत पार्किंगच्या कोपऱ्यात बावीस पोती रचली. काकूंनी तक्रार मागे घेतली, पण वर यायला अजून तयार नाहीत. दिवाळीनंतर गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघतंय, म्हणजे सगळे ड्रम हलवायचे आणि परत ठेवायला कमिटीची नव्याने परवानगी घ्यायची. ती मिळाली की नाही, ते तेव्हाच्या भागात सांगेन.