केस पेपरवर नसलेला प्रश्न

देगलूर असो की नांदेड, सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी गाठ पडते ती केस पेपरच्या खिडकीशी. नाव, वय, गाव सांगितले की ‘पु.’ किंवा ‘स्त्री’ अशी खूण होते, तीही बहुधा चेहऱ्याकडे पाहूनच!

पण जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा ज्यांना आपले लिंग वेगळे जाणवते, त्या पारलिंगी व्यक्तींचे काय? (तृतीयपंथी हा शब्द तुमच्या परिचयाचा असेल.) त्यांची नोंद दोहोंपैकी एका रकान्यात दडून जाते. पुढे कुणी त्यांच्या आजारांचा अभ्यास करू म्हटले, तर हजारो कागदांतून ही माणसे ओळखायची कशी?

ती ओळखणे किती महत्त्वाचे आहे ते पाहा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २०१७ च्या पाहणीत तृतीयपंथीयांची मोजणी वेगळी केली. शंभरात ३.१४ जणांत एच.आय.व्ही. आढळला. देशातील एकूण प्रौढांत हे प्रमाण ०.२२ होते. चौदा पटींचा हा फरक सरसकट बेरजेत दिसलाच नसता.

जुन्या नोंदींतून शोध घेताना संशोधक चाळण्या लावतात. एक चाळणी औषधांची. ‘पु.’ अशी खूण असलेल्या कागदावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक लिहिलेले दिसले, तर ती व्यक्ती पारलिंगी असेल काय? असेल, पण पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगातही काही पुरुषांना ते देतात. शिवाय ज्यांनी संप्रेरके कधी घेतलीच नाहीत, ते या चाळणीतून निसटतात. दुसरी चाळणी रोगांच्या सांकेतिक क्रमांकांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या यादीत हा विषय मानसिक विकारांत होता. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत तो तेथून काढला आहे. यादी बदलली की चाळणीची भोकेही बदलतात.

मग सरळ विचारावे हे बरे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली आपले लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केलाच आहे. मात्र ‘इतर’ असा तिसरा रकाना छापून भागत नाही, कारण कित्येक पारलिंगी स्त्रिया स्वतःला ‘स्त्री’ असेच लिहितात. म्हणून प्रश्न दोन हवेत: जन्मावेळी काय नोंदले होते, आणि आज तुम्ही स्वतःला काय मानता? अर्थात रांगेसमोर मोठ्याने नव्हे!

दोन्ही उत्तरे डॉक्टरांच्याही उपयोगाची. १०० मिलिलिटर रक्तात पुरुषाला किमान १३ ग्रॅम हिमोग्लोबिन हवे, स्त्रीला १२. इस्ट्रोजेन घेणाऱ्या पारलिंगी स्त्रीचे हिमोग्लोबिन १२.५ आले, आणि कागदावर नुसते ‘पु.’ असले, तर रक्तक्षय नसताना तो असल्याचा शेरा पडेल.

आता एक गणित करा. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ हा पर्याय प्रथमच आला. महाराष्ट्राच्या ११.२४ कोटी लोकांत तशी नोंद ४०,८९१ जणांची झाली, म्हणजे सुमारे २,७५० मध्ये एक. पन्नास हजार वस्तीच्या गावात किती? अवघे अठरा! त्यातले रुग्णालयात आलेले दोन-तीनच असतील. नाव खोडून नुसते ‘देगलूर, वय ३४, पारलिंगी’ असे छापले, तरी बाजारपेठेत कुणालाही ती व्यक्ती ओळखता येईल. म्हणून फार लहान आकडे संशोधक छापत नाहीत. गावाऐवजी जिल्ह्याची बेरीज देतात, वयही ‘३० ते ३९’ असे लिहितात.