नात झाली मास्तरीण

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर लासुर्ण्याच्या शिवारात ऊस उभा राहिला. उसाबरोबर घरात कागदही आले. सोसायटीचे कर्ज, कारखान्याची वजनपावती, बँकेचे पासबुक! थोरल्यांना अक्षरओळख नसली की हाक जाते शाळेतल्या पोरीला : "बघ गं बाई, काय लिहिलंय यात?"

गाव साक्षर करण्याची खटपट जुनीच आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे राज्यभर पसरली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. पण जिथे सराव सुटला, तिथे पाटी पुन्हा कोरी झाली. २०२२ च्या 'उल्लास' कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकवायला शाळेतील मोठ्या मुलांनाही हाताशी घेतले. हेतू एवढाच, की आई-आजीला वाचता यावे. शिकवणाऱ्या पोरांचे काय होईल, याचा विचार फारसा कोणी केला नव्हता.

आजीचा हात धरून 'क' गिरवताना नातीला उमगते, की आजी मंद नाही. तिला कोणी शाळेतच घातले नव्हते. बाजारचा हिशेब तोंडी करणारी आजी पेन्सिल धरताना घाबरते. मग नात धीर धरायला शिकते. दुसऱ्याला सांगायचे म्हणून स्वतःही धडा नीट वाचते.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा भरली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती सुरू केली. शिकवणारी गावचीच सून, आणि तिची सासू वर्गात! गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन आज्या शाळेला निघाल्या. घरी नातवंडे त्यांचा अभ्यास घेऊ लागली. जी आजी गोष्ट सांगायची, तीच आता नातवाला अक्षर विचारू लागली.

पण मंडळी, याला दुसरी बाजूही आहे. थकबाकीची नोटीस वाचून दाखवणारे पोर एका रात्रीत थोर होते. बापाची खाली गेलेली मान त्याला झोपू देत नाही. एखादे पोर "तुम्हाला काय कळतंय?" असे उलटही बोलते. घरचा सगळा भार त्या कोवळ्या डोळ्यांवर टाकू नये. त्यासाठीच थोरल्यांनी शिकावे.

आणि शिकलेली आई प्रगतिपुस्तकावर डोळे झाकून अंगठा उठवत नाही. ती गुण वाचते, गैरहजेरीचे दिवस मोजते. अंगठ्याची लाज जिने सोसली, ती लेकीची शाळा सहजासहजी सुटू देत नाही.

तेव्हा आज रात्री जेवणे झाली की अर्धा तास बसा. आधी स्वतःचे नाव, मग गावाचे, मग वजनपावतीवरचे आकडे. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोणही लेकराकडून समजून घ्या. तांबडा असेल तर ते औषध अति जहाल! लेकराकडून शिकण्यात कसला आला कमीपणा?