हवाई अंतर व प्रवासकाल
दोन विमानतळांना जोडणाऱ्या, भूपृष्ठावरील सर्वांत लहान मार्गाच्या लांबीस हवाई अंतर म्हणतात. पृथ्वीच्या मध्यातून जाणारे प्रतल पृष्ठभागावर जे वर्तुळ रेखते, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात व हा मार्ग त्याचा कंस असतो. वैमानिक हे अंतर सागरी मैलांत (१ सागरी मैल = १·८५२ किमी.) मोजतात. दोन्ही स्थळांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असल्यास ते गणिताने मिळते. दोनशे किमी.पर्यंतच्या अंतरात हा कंस व नकाशावरील सरळ रेषा यांतील फरक नगण्य असतो.

नाशिकजवळील ओझर व जळगाव या लहान विमानतळांमधील हवाई अंतर अशा गणिताने सु. २०० किमी. येते. नाशिक रोड ते जळगाव लोहमार्ग २३३ किमी. आहे. ताशी ५०० किमी. वेगाने हे अंतर तोडण्यास २४ मिनिटे पुरावीत. परंतु तो वेग विमानास केवळ सपाट उड्डाणात लाभतो आणि इतक्या आखूड मार्गावर सपाट उड्डाण थोडाच वेळ टिकते. चढण, उतरण, धावपट्टीच्या दिशेशी जुळवून घेण्यासाठी घ्यावा लागणारा वळसा व जमिनीवरील चाल यांचा काळ अंतर घटले म्हणून घटत नाही. त्यामुळे जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा काळ, म्हणजे वेळापत्रकातील प्रवासकाल, पाऊण तासाच्या आसपास जातो. अंतर दुप्पट केल्यास त्यात २४ मिनिटांचीच भर पडेल. ताशी ४० किमी.चा समोरचा वारा येथे दोन-तीन मिनिटेच खातो.

ओझरचा विमानतळ हिंदुस्थान एरॉनॉटिक्सच्या विमान कारखान्याशी निगडित आहे. २३ डिसेंबर २०१७ पासून एअर डेक्कनने १९ आसनी विमानांनी ओझर व जळगाव ही दोन्ही ठिकाणे मुंबईस जोडली. त्या कंपनीची सेवा २०२० मध्ये बंद पडली. प्रादेशिक विमानसेवेच्या ‘उडान’ योजनेत सु. एक तासाच्या वा ५०० किमी.च्या प्रवासास २,५०० रु. भाडे आधारभूत धरले होते. मुंबई–ओझर अंतर मात्र जेमतेम १६० किमी. आहे.

मुंबई–ओझर सरळ रेषा शहापूर तालुक्यात आटगाव स्थानकापासून अवघ्या काही किमी.वरून जाते. (विमाने नियंत्रकांनी नेमून दिलेल्या मार्गांनी जात असल्याने ती नेमकी याच रेषेवर दिसतील असे नाही.) खाली लोहमार्ग कसारा–इगतपुरी दरम्यान ३७ त १ अशा चढाने थळघाट चढतो. आटगावच्या रहिवाशास जळगावी जाण्यासाठी लोहमार्गाने ३२५ किमी. पुरतात, मात्र लांब पल्ल्याच्या गाडीसाठी आधी कल्याण गाठावे लागते. मुंबईहून विमान धरावयाचे, तर त्यास प्रथम सरळ रेषेने मोजले तरी सु. ६५ किमी. उलट दिशेस जावे लागते, आणि मग तेथून सु. ३५५ किमी.चे उड्डाण त्यास जवळपास आपल्याच तालुक्यावरून परत नेते. विमानात तासाभराचा वा थोडा अधिक वेळ जातो. पण लोकल गाडी, विमानतळापर्यंतचा रस्ता, तासभर आधीची उपस्थिती व जळगाव विमानतळावरून गावात पोहोचणे धरल्यास एकूण काळ साडेपाच-सहा तासांचा होतो. आगगाडीस कल्याणपर्यंतचा उलटा फेरा धरून सात तास पडतात. अंधेरीच्या प्रवाशाचा हिशेब निराळा आहे. विमानतळ त्याच्या दाराशीच असतो.