मूड येण्याची वाट कशाला? विद्यार्थ्यांची प्रेरणा आणि ध्येये : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवे सत्र सुरू झाले की वहीच्या पहिल्या पानावर संकल्प उमटतात : रोज सहा तास अभ्यास, एकही केटी नको, पहाटे पाचला उठायचे. मग गणपती येतात, पाठोपाठ इंटर्नल्स येतात, जर्नल पूर्ण करण्याची घाई सुरू होते. दिवाळीच्या सुमारास परीक्षेचे वेळापत्रक लागते, तोवर तो संकल्प पार मागे पडलेला असतो. मुले-मुली निष्कर्ष काढतात, "माझ्यातच जिद्द नाही." हा निष्कर्ष बहुतेकदा चुकीचा असतो. मानसशास्त्रज्ञांनी गेली पन्नासहून अधिक वर्षे ध्येय आणि प्रेरणा यांचा अभ्यास केला आहे. त्यातून जे हाती आले, ते आपण ऐकत आलेल्या सल्ल्यांपेक्षा बरेच वेगळे आहे.

गैरसमज १ : आधी मूड लागतो, मग अभ्यास होतो.

वस्तुस्थिती : चालढकलीचे मूळ बऱ्याचदा वेळापत्रकापेक्षा भावनांमध्ये असते, असे फ्युशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडले. अवघड प्रकरण उघडले की काही कळत नाही, अस्वस्थ वाटते आणि हात मोबाइलकडे जातो. त्या क्षणी सुटका होते, म्हणून पुढच्या वेळीही मन तीच पळवाट शोधते. नैराश्यावरच्या एका प्रस्थापित उपचारपद्धतीत तर रुग्णाला उत्साह येण्याआधीच छोटी छोटी कामे करायला लावतात, कारण काम सुरू झाले की मनःस्थिती हळूहळू सुधारते. अभ्यासालाही हेच लागू पडते. पूर्ण प्रकरण संपवण्याचा विचार बाजूला ठेवा आणि एक गणित सोडवा किंवा दोन पाने वाचा. गोडी लागायची असेल तर ती काम सुरू झाल्यावर लागते.

गैरसमज २ : ध्येय कागदावर लिहिले की अर्धी लढाई जिंकली.

वस्तुस्थिती : प्रेरणादायी व्याख्यानांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९५३ मध्ये येल विद्यापीठातल्या ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येये लिहून ठेवली होती, त्यांनी वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षाही जास्त कमावले, अशी ती गोष्ट. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. 'फास्ट कंपनी' या नियतकालिकाने १९९६ मध्ये त्याचा शोध घेतला, तेव्हा कुठेच पुरावा सापडला नाही.

ध्येयाचा उपयोग होतो, पण ते नेमके आणि थोडे कस लावणारे असेल तर. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांच्या संशोधनाचा हा गाभा आहे. लेथम यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांचा अभ्यास केला. "जमेल तेवढे भरा" असे सांगितले होते तोवर ट्रक क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच भरत. ९४ टक्क्यांचे नेमके लक्ष्य दिल्यावर, जादा पैसे न देताही, ते प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास गेले. "यंदा झटून अभ्यास करायचा" हे वाक्य "जमेल तेवढे भरा" याच जातीचे आहे. "शुक्रवारपर्यंत दुसऱ्या युनिटवरचे मागच्या तीन वर्षांचे प्रश्न सोडवायचे" हे खरे ध्येय.

एक सावधगिरी मात्र हवी. विषय अगदी नवा आणि गुंतागुंतीचा असेल, तर सुरुवातीला गुणांचे लक्ष्य ठेवल्याने ताण वाढतो. तिथे "या प्रकारची गणिते सोडवण्याच्या तीन पद्धती शिकायच्या" असे शिकण्याचे ध्येय अधिक उपयोगी पडते.

गैरसमज ३ : यशाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, बाकी आपोआप होते.

वस्तुस्थिती : गॅब्रिएले ओटिंगन आणि डोरिस मायर यांनी जर्मनीतल्या, शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. मनासारखी नोकरी मिळाल्याची स्वप्ने रंगवण्यात जे जास्त रमत होते, त्यांनी दोन वर्षांत कमी अर्ज केले, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. ज्यांना आपल्याला नोकरी मिळेल असा विश्वास वाटत होता, त्यांची स्थिती मात्र चांगली होती. विश्वास आणि दिवास्वप्न यांत मोठे अंतर आहे. स्वप्नात यश आधीच भोगून होते आणि हातपाय हलवण्याची निकड ओसरते.

म्हणून स्वप्नाच्या शेजारीच अडथळाही मांडा आणि त्यावरचा उपाय आधीच ठरवा. पीटर गॉलविट्झर यांनी सुचवलेली 'जेव्हा-तेव्हा' योजना इथे कामी येते : "जेव्हा चारचे लेक्चर संपेल, तेव्हा मी थेट ग्रंथालयात जाऊन जर्नलचा एक प्रयोग लिहीन." "जेव्हा रूमवर गप्पांचा फड रंगेल, तेव्हा मी पुस्तक घेऊन अभ्यासिकेत जाईन." वेळ आणि जागा ठरलेली असली की ऐन वेळी स्वतःशी वाद घालावा लागत नाही. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा या साध्या योजनेचा परिणाम ठळकपणे दिसून आला.

गैरसमज ४ : २१ दिवस केले की सवय लागते.

वस्तुस्थिती : हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे 'किमान' हा शब्द गळाला आणि आकडा तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे प्रत्यक्ष अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला लागणारा मध्यक काळ ६६ दिवसांचा निघाला, आणि व्यक्तीनुसार व सवयीनुसार तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत असू शकतो, असा अंदाज निघाला.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांनी अधिक लक्षात ठेवावी. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. घरच्या लग्नात दोन दिवस गेले म्हणून सगळे मुसळ केरात गेले असे समजू नका. तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा बसा.

गैरसमज ५ : स्वतःला फटकारल्याशिवाय शिस्त लागत नाही.

वस्तुस्थिती : कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केली, पण नंतर त्याबद्दल स्वतःला माफ केले, अशा विद्यार्थ्यांची पुढच्या परीक्षेच्या वेळची चालढकल कमी झाली. अपराधीपणाने विषयाचीच धास्ती बसते आणि मन आणखी दूर पळते. चूक मान्य करा, तिचे कारण शोधा आणि पुढच्या पानाकडे वळा.

गैरसमज ६ : एकदा ठरवलेले ध्येय सोडणे म्हणजे हार.

वस्तुस्थिती : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला दरवर्षी लाखो उमेदवार अर्ज करतात. २०२३ च्या परीक्षेतून शिफारस झाली १,०१६ जणांची. या गणितात हुशार, कष्टाळू मुलेही मोठ्या संख्येने मागे राहणारच. अशक्य झालेले ध्येय वेळीच सोडून नवे हाती घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य चांगले राहते, हे कार्स्टन व्रॉश यांच्या संशोधनातून दिसते. स्पर्धा परीक्षा जरूर द्या, पण किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर काय करायचे, हे पहिल्या प्रयत्नाआधीच घरच्यांशी बोलून ठरवा. नव्या शैक्षणिक धोरणातही वाट बदलण्याची सोय आहे. कमावलेली क्रेडिट्स अकॅडमिक बँकेत सात वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात.

गैरसमज ७ : मन लागत नाही म्हणजे निव्वळ आळस.

वस्तुस्थिती : दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टीतही रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ती नैराश्याची लक्षणे असू शकतात. त्यावर वेळापत्रकाचा उपाय चालत नाही, उपचार घ्यावे लागतात. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. पालकांनी आणि प्राध्यापकांनीही 'आळशी' हा शिक्का मारण्याआधी मुलांशी शांतपणे बोलावे.

तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, पुढच्या सत्राची किंवा पुढच्या सोमवारची वाट पाहू नका. उद्या कोणता विषय, कुठे बसून, किती वाजता आणि किती पाने, एवढे एकच वाक्य आज लिहा आणि ठरल्या वेळी त्या जागी जाऊन बसा. मन तयार नसले तरी बसा. कामाला लागलेल्या माणसाला प्रेरणा वाटेत भेटते.